दोन मासे

सकाळी, खारा वारा सुटायच्या आत,
रेमेत फर्नांडिस दुकानात आला.
माडावरून पडलेलं घुबडाचं पिल्लू आणावं
तसं चादरीत गुंडाळून
टर्नटेबल.

वेंगुर्ल्यातला रेडिओवाला गेला मुलाकडे, कायमचा.
"इतको बारीक हात आता तुझोच, शेट."

मी नथीच्या तारा ओवणारा माणूस,
असलं यंत्र कधी उघडलेलं नाही.
पण दांड्याच्या टोकाशी चार तारा दिसल्या, केसाएवढ्या,
पांढरी, निळी, तांबडी, हिरवी,
आणि प्रत्येकीच्या टोकाला हिरवट बुरा.
इथल्या हवेनं पितळेला कधी सोडलंय?
मग ते माझंच काम झालं.
सवयीनं हात आधी चिंचेकडे गेला,
मागे घेतला,
काडीला कापूस, कापसाला स्पिरिट.

नवी सुई त्याच्या भाच्यानं दुबईहून पाठवलेली.
आणि एक कागद, प्रार्थनेच्या पुस्तकात घडी घातलेला:
रेघांच्या जाळीवर दोन टिंबं.
सुईचं टोक टिंबावर टेकवायचं
आणि बघायचं, कार्ट्रिजची कड रेघेला समांतर आहे का.
पहिल्या टिंबावर जमलं तर दुसऱ्यावर तिरकं.
दुसऱ्यावर जमवलं, पहिलं हललं.
दोन स्क्रू, तिळाएवढे,
सैल करा, नखानं ढकला, आवळा,
आवळताना पुन्हा सरकतंच.
भिंग डोळ्यात रुतलेलं, पंखा बंद,
भुवईवर घाम थांबलेला.

अकराला जमलं.
तेव्हा कळलं की एवढं करून
सबंध तबकडीत सुई नेमकी सरळ असते
ती या दोनच जागी.
बाकी सगळीकडे जराशी वाकडी.

"चलता," रेमेत म्हणाला. "बोट तरी खंय सरळ जाता?"

मग वजन.
इलेक्ट्रॉनिक काट्याची ताटली पोलादी,
कार्ट्रिजमधल्या लोहचुंबकानं ती ओढली
आणि आकडे नाचायला लागले.
वडिलांचा पितळी काटा काढला, गुंजांची डबी काढली.
टर्नटेबलखाली फणसाच्या दोन फळ्या सरकवल्या
म्हणजे पारडं तबकडीच्या उंचीला येईल.
एका पारड्यात सोळा गुंजा,
दुसऱ्यात फक्त सुईचं टोक.
मागचं वजन केसभर पुढे, केसभर मागे,
दांडी आडवी होईतो.

"किती?"
"दोन मासे."
रेमेत असा हसला की स्टूल करकरलं.
"दोन मासे! बांगडे काय पेडवे?"

एक गोष्ट राहिलीच होती.
ओहोटीला खाडीचं तोंड होडीला ओढतं
तशी फिरती तबकडी सुईला आत ओढते.
उलट ओढायला दोऱ्याला टांगलेलं एक बारकं वजन असतं,
ते हरवलेलं.
मंगळसूत्रातून उरलेले काळे मणी होते,
तीन ओवले.
रेमेतनं क्रूस केला, हसतहसतच.

संध्याकाळी स्पीकर रिक्षातून आले.
मी विचारलं, डावं-उजवं सारखं येतंय का बघ.
"माका इचारू नको. उजवो कान इंजनाक दिलंय."
जहाजावर कुक होता, एकतीस वर्षं.
गॅली इंजिनाच्या डोक्यावर.

मी चिमटा खाली ठेवला.
सकाळपासून दोन्ही बाजूंसाठी मरत होतो,
आणि हा एका कानाचा.
काही बोललो नाही.

त्यानं तबकडी लावली,
लेबल कसरीनं खाल्लेलं,
कुठल्याशा लग्नातला बँड, ट्रम्पेट डावीकडे.
एक बाजू पूर्ण ऐकली, मान कलती करून.
मग सुई उचलली, परत पहिल्या रेघेवर ठेवली,
स्टूल फिरवलं,
पाठ स्पीकरांकडे, तोंड रस्त्याकडे,
आणि बसून राहिला.

रस्त्यावरनं जाणारे बघत होते.
व्हायोलिनं होती त्या बाजूला.